कोटात एक दिवस, नातवंडांबरोबर



मुंबईला गेलो की आपण काय करतो? नातेवाइकांच्या भेटी, दादरची खरेदी, एखादे लग्न, आणि बॅगा भरून परत लोदच्या विमानतळावर. शहर बघायचे राहूनच जाते. गेल्या हनुक्काच्या सुट्टीत आम्ही दोघे म्हातारे दोन नातवंडांना घेऊन गेलो होतो. थोरला बारा वर्षांचा, धाकटी आठ वर्षांची. दोघांना मराठी समजते, पण बोलताना गाडी हिब्रूवर घसरते. निघण्याआधी थोरल्याने विचारले, "सबा, तुम्ही सारखं मुंबई मुंबई करता, पण तिथे आपलं काय आहे?"

तोंडी उत्तर सुचले नाही. म्हणून एक पूर्ण दिवस त्यांना कोट दाखवायचा ठरवला. कोट म्हणजे फोर्ट, बरं का मुलांनो! किल्ल्याच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या, नाव मात्र राहिले.

आम्ही ठाण्याला बहिणीकडे उतरलो होतो. सकाळची गर्दी ओसरल्यावर, दहानंतर, स्लो लोकल पकडली. बसायला जागा मिळाली. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे याच मार्गावर धावली, हे सांगितल्यावर मुले खिडकीला चिकटली. शेवटच्या स्टेशनाआधी धाकटीने पाटी पाहून विचारले, "सावता, मस्जिद म्हणजे मशीद ना? आपली?" आम्ही म्हटले, "ते संध्याकाळी सांगू."

बोरीबंदर. आपण सगळे व्हीटी म्हणायचो. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडले. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली आणि २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मुलांना एक काम द्या: दगडात कोरलेले प्राणी मोजायला सांगा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान.

आमचे वडील याच इमारतीत रेल्वेच्या हिशेबखात्यात कारकून होते. ते सांगताच थोरल्याने भिंतीकडे बघून विचारले, "मग त्यांचं नाव कुठे लिहिलंय?" आता काय सांगणार! कारकुनाचे नाव दगडावर कोणी लिहीत नाही. पण समोरच महापालिकेची १८९३ ची इमारत आहे. तिच्याकडे बोट दाखवून सांगितले की आपल्या बेने इस्राएल समाजाचे डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले होते. महालक्ष्मीजवळ त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे.

फ्लोरा फाउंटन. दादाभाई नौरोजी रस्त्याने कमानींखालून सावलीत चालत गेलो. गुडघे दुखत असतील तर २०२५ पासून जमिनीखालून मेट्रो आहे, एकच स्टेशन जायचे. कारंजे १८६४ चे, वर फुलांची रोमन देवी. शेजारी हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांचे स्मारक. त्या वेळी आम्ही लहान होतो, पण घरात वडील माणसे हळू आवाजात बोलत, ते आठवते. मराठी बोलणाऱ्यांचे राज्य व्हावे म्हणून माणसे मेली, हे ऐकून मुले गप्प झाली.

काळा घोडा. इथे मात्र दोन तास ठेवा. राजकुमार एडवर्ड बसलेला मूळ काळा घोडा आल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. १९६५ मध्ये तो हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये इथे नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही. धाकटीला हाच घोडा जास्त आवडला!

समोर डेव्हिड ससून लायब्ररी, १८७० ची. आत जिन्याजवळ ससूनसाहेबांचा संगमरवरी पुतळा आहे, फेटा आणि लांब झगा घातलेला. थोरला म्हणाला, "हे आपले पणजोबा?" नाही बाळा. ते बगदादचे. १८३० च्या दशकात मुंबईत आले आणि व्यापारात मोठे झाले. त्या काळी बगदादी लोक आपल्याला बरोबरीचे मानत नसत, हेही आम्ही मुलांना सांगितले. लपवून काय करायचे?

पाठच्या गल्लीत निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे. एलियास ससून यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलांनी १८८४ मध्ये बांधले, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये ते पुन्हा उघडले. २००८ च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यानंतर पहारा कडक आहे, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा आणि पोलिसाशी गोड बोला. आत रंगीत काचांतून ऊन येत होते. तिथल्या सेवकाने विचारले, "कुठून आलात? जेवलात का?" मुले चकित! सिनेगॉगात मराठी? त्यांनी ते फक्त आमच्या स्वयंपाकघरात ऐकले होते.

शेजारच्या म्युझियममध्ये मुलांसाठी वेगळा विभाग आहे. आमच्या पायांनी तिथेच बाकावर विश्रांती घेतली.

गेटवे. १९११ च्या राजाच्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली कमान १९२४ मध्ये पुरी झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण इथूनच गेली. घारापुरीच्या लाँचीही इथूनच सुटतात, पण लेणी सोमवारी बंद असतात. आम्ही लाँचीत बसलो नाही. कठड्यापाशी उभे राहून पलीकडची किनारपट्टी दाखवली. तिकडे मांडवा, मग अलिबाग, आणि जवळच नवगाव. आपल्या परंपरेप्रमाणे आपले पूर्वज गलबत फुटून जिथे किनाऱ्याला लागले, ते नवगाव.

आता संध्याकाळची गोष्ट. टॅक्सीने मांडवीला गेलो. हातगाड्या, पोती, हमालांची आरोळी! एका दुकानाच्या पाटीवर पत्ता होता. थोरला अडखळत वाचू लागला, "सॅ... म्यु... एल... स्ट्रीट." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "शमुएल? आपला?"

हो, आपला! सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल, दिवेआगरच्या घराण्यातले. इंग्रजांच्या फौजेतले शिपाई. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, आणि जीव वाचला तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. १७९६ मध्ये त्यांनी शाआर हारहामीम बांधले. तीच आपली जुनी मशीद, मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग. मस्जिद स्टेशनाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे आपले जुने लोक सांगत.

आत जायला आधी निरोप पाठवावा लागतो. आम्ही पाठवला होता. दारातल्या मेझुझाला हात लावण्यासाठी धाकटीला उचलून धरले. थोरल्याने आपणहून हात लावला. सकाळच्या प्रश्नाची आठवण आम्ही त्याला करून दिली नाही.

परतीच्या लोकलमध्ये तो प्रत्येक स्टेशनाची पाटी मराठीत वाचत होता. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड... चुकला की धाकटी हसायची.

वाचकहो, तुम्हीही नातवंडांना घेऊन जा. पाय चालताहेत तोवर जा. डिसेंबर-जानेवारी बरा, ऊन सोसते. सपाट चपला घाला, पाण्याची बाटली घ्या, शाब्बाथ सोडून दुसरा दिवस धरा. आणि सगळे एकदम सांगू नका. पाट्या त्यांना वाचू द्या.

शालोम.