अडथळ्यांच्या शर्यतीचा वीर : अविनाश साबळे



केंद्राच्या क्रीडास्पर्धेत माझी लांब उडी २ मीटर ४० सेंटीमीटर पडली. नंबर आला नाही. मी झाडाखाली रडत बसले होते. तेव्हा गुरुजींनी मला अविनाश साबळे यांची माहिती सांगितली. ती मी वहीत उतरून घेतली. सर्वांना उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

अविनाश साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी मांडवा या गावी झाला. हे गाव बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात आहे. आपल्या करमाळ्याहून जामखेडला गेलं की पुढे आष्टी लागते. तिकडेही आपल्यासारखाच दुष्काळी भाग आहे. त्यांचे आईवडील शेतकरी. शाळा घरापासून ६ किलोमीटर लांब होती आणि गाडीची सोय नव्हती. म्हणून ते कधी चालत तर कधी पळत शाळेला जात. आपण पुढे मोठे धावपटू होणार, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बारावी झाल्यावर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या उन्हात त्यांनी नोकरी केली. सैन्यातच ते शर्यतीत पळू लागले आणि २०१७ पासून स्टीपलचेस पळू लागले.

स्टीपलचेस म्हणजे काय, ते आता सांगते. ही शर्यत मूळची ब्रिटनकडची. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वी तिकडे एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावत. वाटेत ओढे आणि दगडी कुंपणं लागत, ती उड्या मारून ओलांडायची. आता ही शर्यत मैदानावर होते. अंतर ३००० मीटर असतं. त्यात २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्यावरून उडी मारायची. म्हणजे एकूण ३५ उड्या!

पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच असतो. गुरुजींनी टेप धरून दाखवला, तर तो माझ्या छातीपर्यंत आला. तो जाड लाकडाचा असतो. पाय लागला तरी तो पडत नाही, आपणच पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्यापासून ३ मीटर ६६ सेंटीमीटर लांब असतो. अडथळ्याजवळ तो खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. म्हणून ज्याची उडी लांब, तो कमी पाण्यात पडतो आणि लवकर पुढे जातो. मी हिशेब केला. माझी उडी १ मीटर २६ सेंटीमीटर कमी पडते.

अविनाश साबळे यांनी २०१८ साली ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. तो गोपाल सैनी यांचा होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. पण त्यांनी सराव सोडला नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळालं. त्यांची वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद. सुवर्णपदक फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. डोळा मिटून उघडायलाही याहून जास्त वेळ लागतो! १९९४ नंतर पुरुषांच्या या शर्यतीत केनियाखेरीज कुणालाही राष्ट्रकुल पदक मिळालं नव्हतं. पुढे २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊ येथे त्यांनी आशियाई सुवर्णपदक जिंकलं. २०२४ साली ते पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाले आणि अकरावे आले. या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष होत.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीपाशी ते पडले. गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. एवढा मोठा माणूसही पडतो, हे ऐकून माझं रडू थांबलं.

आता माझी एक गोष्ट सांगते. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीची शाळा शेजारच्या गावात, ४ किलोमीटरवर आहे. वाटेत ओढा लागतो. आमच्या वर्गात आम्ही पाच मुली आहोत. घरोघरी एकच बोलणं चाललंय, "एवढ्या लांब पोरीला कसं धाडायचं?" मागच्या रविवारी मी आप्पांना घेऊन ती वाट चालून आले. तासाला पाच मिनिटं कमी लागली. मी दमले नाही. आप्पाच दोनदा बसले. ओढ्याला पाणी आलं तर उडी मारायची नाही, पुलावरून वळसा घालून जायचं, हेही आम्ही पाचजणींनी ठरवलं आहे. पाचजणी बरोबर असलो म्हणजे भीती कसली?

साबळे यांच्या ६ किलोमीटरांपेक्षा आमचे ४ किलोमीटर कमीच आहेत. मी धावपटू होईन की नाही, ते सांगता येत नाही. पण पाचवीला तर जायलाच हवं.

आप्पा अजून "बघू" एवढंच म्हणतात. आज ते भित्तिपत्रक वाचायला येणार आहेत. त्यांना चष्मा नाही, म्हणून मी हे मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी