चिंचोरो ममींचा काल आणि समुद्रातील जुना कर्ब

चिलीचा उत्तर किनारा व त्याला लागून असलेला पेरूचा दक्षिण किनारा येथे आटाकामाचे वाळवंट थेट समुद्राला भिडते. या रुक्ष पट्टीत मासे, शिंपले व समुद्रसिंह यांवर उपजीविका करणारे चिंचोरो लोक राहत असत. मृताची कातडी व मांस काढून, अस्थींना काठ्यांचा आधार देऊन, लव्हाळ्याच्या दोरीने त्या बांधावयाच्या. वर राखेचा लेप, चेहऱ्यावर मातीचा मुखवटा, डोक्यास केसांचा टोप आणि सर्वांगास मँगनीजचा काळा रंग, अशी त्यांची रीत होती. पुढे काळ्याची जागा तांबड्या गेरूने घेतली. विशेष असे की, हा संस्कार राजांपुरता राखून ठेवलेला नव्हता. तान्ह्या बालकांवर, इतकेच नव्हे तर अपुऱ्या दिवसांच्या गर्भांवरही तो केलेला आढळतो.

या प्रथेचा आरंभ सुमारे ७,००० वर्षांपूर्वी झाला असे मानतात; म्हणजे इजिप्तमध्ये राजवंशांचा उदय होण्यापूर्वी जवळजवळ दोन हजार वर्षे. हा निर्णय मुख्यतः कर्ब-१४ च्या मापनावर आधारलेला आहे. जीव मरण पावला की त्याच्या शरीरात नवा कर्ब येणे थांबते आणि असलेला कर्ब-१४ दर ५,७३० वर्षांत निम्मा होत जातो. विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये प्रस्थापित केलेली ही पद्धती तत्त्वतः सोपी आहे. परंतु जीवाने कर्ब हवेतूनच घेतला, हे तिचे गृहीत समुद्रकाठी टिकत नाही.

खोल समुद्राचे पाणी शतकानुशतके हवेपासून दूर राहिलेले असते. त्यातील कर्ब-१४ अंशतः क्षय पावलेला असतो. या किनाऱ्यावर हंबोल्ट प्रवाहाबरोबर तेच पाणी वर येते. तेथला ताजा शिंपलाही प्रयोगशाळेत शेकडो वर्षांचा ठरतो, आणि तो खाणारा माणूसही तसाच! कर्ब-१४ चे प्रमाण केवळ पाच टक्क्यांनी घटले, तरी कालात चारशे वर्षांचा फरक पडतो. इजिप्तशी तुलना करताना हा फरक क्षम्य म्हणता येईल. काळ्या ममी केव्हा संपल्या व तांबड्या केव्हा सुरू झाल्या हे ठरविताना तो मुळीच क्षम्य नाही.

म्हणून अस्थींतील कर्ब-१३ व नायट्रोजन-१५ यांची प्रमाणे मोजून आहारात सागरी अन्न किती होते याचा अंदाज घेतात आणि त्या मानाने दुरुस्ती करतात. याहून सरळ उपाय म्हणजे ममीतील वनस्पतींचा काल काढणे. तथापि काठ्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, कारण वाळवंटात लाकूड कुजत नाही आणि शतकापूर्वी वाळलेले झाडही उपयोगी पडते. लव्हाळे मात्र नदीमुखाशी, उघड्या हवेत वाढते, आणि त्याचे आयुष्यही अल्प. त्वरक वस्तुमानमापन पद्धतीला कर्बाचे काही मिलिग्रॅमच पुरतात. त्यामुळे शवाला धक्का न लावता त्याच्या दोरीतील एका तंतूवर काम भागते.