तांबेऱ्याच्या घरात दोन चुली

फेब्रुवारीत गव्हाच्या शेतातून एक चक्कर मारा आणि पायजम्याकडे बघा. विटकरी भुकटी लागली असेल, तर तांबेरा आला म्हणून समजा. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. एकेका बीजाणूच्या पोटात केंद्रकं मात्र दोन-दोन!

तुमच्या-आमच्या पेशीत आईचा आणि बापाचा वारसा एकाच केंद्रकात नांदतो. तांबेऱ्यात दोन्ही वारसे एका घरात, पण चुली वेगळ्या. पीक पिवळं पडताना जे काळे बीजाणू धरतात, त्यांत कुठे ही केंद्रकं एक होतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचं काय? ऐका तर. प्रतिकारक वाण बुरशीची एखादी खूण ओळखतो आणि तिला अडवतो. ही खूण दोनपैकी एका केंद्रकात असली तरी सहसा पुरते. एकातून गेली, तरी दुसरं चुगली करतंच. दोन्हींतून गेली की वाण फसला.

खोडावरच्या तांबेऱ्याचा संकर बारबेरीच्या झुडपावर होतो, असं पुस्तकात असतं. आपल्याकडे हे झुडूप बिनकामाचं. तांबेरा डोंगराळ भागात टिकतो आणि तिथून मैदानात उतरतो, हे आग्र्याच्या प्रा. के. सी. मेहतांनी दाखवून दिलं. मग झुडूप नाही, तर संकरही नाही? तिथंच गफलत आहे.

युगांडात १९९८ साली 'युजी ९९' हा प्रकार सापडला. राईकडून गव्हात आणलेल्या 'एसआर ३१' या जनुकावर जगभरचे कितीतरी वाण उभे होते. तोच याने निकामी केला. २००७ पर्यंत स्वारी इराणात! २०१९ साली शास्त्रज्ञांनी त्याची दोन्ही केंद्रकं वेगवेगळी वाचली. त्यांतलं एक, ऑस्ट्रेलियात १९५४ साली आढळलेल्या प्रकाराच्या केंद्रकाशी जवळजवळ जसंच्या तसं जुळलं. म्हणजे कधीतरी एकाच गव्हावर दोन प्रकारांचे तंतू जुळले आणि केंद्रकांची अदलाबदल झाली. ना झुडूप, ना लग्न!

तेव्हा शिवारभर एकच वाण पेरू नका. आणि प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर तांबेरा दिसला, तर नुसतं औषध मारून गप्प बसू नका. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आहे. कृषी विद्यापीठाच्या माणसांमार्फत नमुना तिकडे जाऊ द्या. पान सुकवून कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजतं, मग तपासणार काय?