स्टेअरिंग जड झालं म्हणून लगेच पंप बदलू नका. जुन्या ट्रॅक्टरचा दोष असा शोधा

ऊसतोडणी सुरू झाली की जुना ट्रॅक्टरही रात्रंदिवस पळतो. एरवी एका हाताने फिरणारं स्टेअरिंग एखाद्या दिवशी दोन्ही हातांनी ओढावं लागतं. हंगाम सोडून थांबायचं कसं, म्हणून चालक दोन-तीन दिवस तसंच रेटतो. मग ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात जातो, ‘पंप गेला’ असं ठरतं आणि नवा पंप बसतो. तरीही स्टेअरिंग जडच. शेवटी कळतं की तेलाची जाळी चोक झाली होती, नाहीतर किंगपिनमध्ये वर्षभर ग्रीसच गेलं नव्हतं.

असा फुकटचा खर्च टाळायचा असेल तर एक क्रम लक्षात ठेवा. आधी फुकटात तपासता येतं ते बघा, मग स्वस्तातलं, आणि पंप-युनिट सगळ्यात शेवटी. मात्र दोष सापडेपर्यंत मागे भरलेली ट्रॉली जोडू नका. का, ते पुढे वाचा.

पॉवर स्टेअरिंग चालतं कसं?

इंजिनवर फिरणारा पंप टाकीतलं तेल ओढून दाबाने पुढे ढकलतो. हे तेल स्टेअरिंगच्या दांड्याखाली बसवलेल्या युनिटमध्ये येतं. या युनिटला बरेच मिस्त्री ‘ऑर्बिट्रॉल’ म्हणतात. आपण स्टेअरिंग फिरवू त्या बाजूला युनिट तेल सोडतं आणि पुढच्या एक्सलवरचा सिलिंडर चाकं वळवतो.

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये स्टेअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी जोड नसतो, मधे फक्त तेल असतं. पंप बंद पडला तरी युनिट हातपंपासारखं काम करतं, म्हणून स्टेअरिंग खूप जड होतं पण वळतं. सिलिंडरकडे जाणारा पाईपच फुटला तर मात्र स्टेअरिंग नुसतं गरगर फिरतं आणि चाकं हलत नाहीत. मागे उसाची ट्रॉली असताना हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

काही जुन्या मॉडेलला साध्या स्टेअरिंगच्या पेटीला मदत म्हणून सिलिंडर जोडलेला असतो. तिथे लोखंडी जोड कायम असतो, पण खालची बरीच तपासणी त्यालाही लागू पडते.

पाना हातात घेण्याआधी

१) टायर बघा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर चांगलं स्टेअरिंगही जड लागतं. हवा पुस्तकात दिल्याएवढी ठेवा.

२) तेल बघा. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून पातळी तपासा. काही ट्रॅक्टरला स्टेअरिंगची वेगळी छोटी टाकी असते, तर काहींमध्ये मागच्या गिअर-हायड्रॉलिकचंच तेल वापरलं जातं. आपला प्रकार कोणता ते आधी माहीत करून घ्या. तेल दुधासारखं पांढरट असेल तर त्यात पाणी गेलंय. फेस असेल तर हवा जातेय. काळं पडून जळका वास येत असेल तर तेल तापून खराब झालंय.

३) जाळी आणि फिल्टर बघा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. जाळी गाळाने भरली की पंपाला पुरेसं तेल मिळत नाही. पंप ओरडतो आणि स्टेअरिंग जड होतं. इथेच चुकून पंपाला दोष दिला जातो.

४) बेल्ट बघा. बहुतेक ट्रॅक्टरचा पंप गिअरवर चालतो. पण नंतर बसवलेल्या काही किटचा पंप बेल्टवर असतो. बेल्ट ढिला किंवा तेलकट असेल तर तो घसरतो.

५) पाईप आणि क्लिप बघा. टाकीतून पंपाकडे येणारा पाईप तेल ओढतो, म्हणून त्याची क्लिप ढिली असली तरी बाहेर तेल गळेलच असं नाही. उलट तिथून हवा आत जाते. तेलाला फेस आणि पंपाला आवाज असेल तर ही क्लिप आधी आवळा.

दोष तेलाचा की लोखंडाचा?

हे ओळखायची सोपी पद्धत आहे. ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढा आणि मागच्या चाकांना दगड किंवा ओंडके लावा. पुढचा एक्सल जॅकने उचलून खाली भक्कम ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. आता सिलिंडरची पिन काढा आणि चाकं हाताने दोन्ही बाजूंना फिरवून बघा.

चाकं अडकत असतील किंवा जड फिरत असतील, तर दोष तेलात नाही. किंगपिन, त्याचं बेअरिंग, टाय रॉडचे बॉल जॉइंट किंवा वाकलेला एक्सल यात तो आहे. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी आणि गाळ जाऊन किंगपिन जाम होण्याचं प्रमाण जास्त. ग्रीसचं निपल मातीने बंद झालं असेल तर ते बदला आणि जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. चाकं हलकी फिरली तर मात्र दोष तेलाच्या बाजूला शोधायचा.

लक्षण काय सांगतं?

• दोन्ही बाजूंना सारखंच जड : तेल कमी, जाळी चोक, पंप झिजलेला किंवा दाब ठरवणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहिलेला.

• इंजिन हळू असताना जड, रेस दिल्यावर हलकं : पंप झिजल्याची शक्यता जास्त. तरीही आधी तेल आणि जाळी बघाच.

• थंडीत सकाळी जड, तापल्यावर ठीक : तेल जास्त घट्ट, बहुधा चुकीच्या ग्रेडचं.

• तापल्यावर जड : तेल पातळ झालं की आतली झीज उघडी पडते. पंप, युनिट किंवा सिलिंडर आतून गळतोय.

• एकाच बाजूला जड : सिलिंडर, वाकलेला दांडा, एका बाजूचा दबलेला पाईप किंवा युनिट.

• धक्के देत फिरतं, आवाज येतो : तेलात हवा.

• सरळ रस्त्यावरही ट्रॅक्टर एका बाजूला सरकतो, स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं : सिलिंडरचं आतलं सील किंवा युनिट गेलंय. बॉल जॉइंटचा ढिलेपणाही बघा.

मिस्त्रीकडून करून घ्यायच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी सिलिंडरची. स्टेअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत नेलं की ते अडायला हवं. तिथेही ते सहज फिरत राहिलं, तर तेल आतल्या आत गळतंय. मग सिलिंडरकडे जाणारे दोन्ही पाईप सोडवून, युनिटच्या तोंडाला योग्य प्लग लावून पुन्हा बघायचं. आता स्टेअरिंग अडलं तर सिलिंडरचं सील गेलंय आणि सील किटवर काम भागू शकतं. तरीही फिरत राहिलं तर युनिट झिजलंय. ही चाचणी काही सेकंदांचीच असावी, जास्त वेळ दाब धरला की तेल तापतं.

दुसरी चाचणी प्रेशर गेजची. पंपाच्या लाईनला गेज लावून दाब मोजायचा आणि तो ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचा. ‘पंप गेला’ असं कोणी म्हटलं, तर गेज लावून दाखवायला सांगा. त्यात संकोच करू नका, पैसे आपले जातात.

युनिट घरी खोलू नका. त्यातले भाग ठरलेल्या खुणेवरच बसवावे लागतात. चुकीचे बसले तर इंजिन सुरू होताच स्टेअरिंग आपोआप जोरात फिरतं आणि मनगट मोडू शकतं.

तेल भरताना

पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच तेल वापरा. इंजिनचं काढलेलं जळकं तेल टाकीत ओतू नका. ब्रेक ऑईल तर अजिबात नको, त्याने आतली रबरी सीलं फुगून खराब होतात. टाकीचं झाकण उघडण्याआधी भोवतालची माती पुसून घ्या.

पाईप किंवा फिल्टर बदलल्यावर हवा काढावीच लागते. त्यासाठी एक्सल ठोकळ्यांवर ठेवा, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये असू द्या आणि पुढे कोणी उभं राहू नका. इंजिन हळू चालवत स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८ ते १० वेळा फिरवा. टोकाला दाबून धरू नका. मधे मधे पातळी बघून तेल घाला. फेस थांबला आणि पातळी स्थिर झाली की हवा निघाली.

हाताने गळती चाचपू नका

दाबाच्या पाईपला सुईएवढं भोक पडलं तरी तिथून तेल इतक्या जोरात येतं की ते कातडी भेदून आत शिरतं. बाहेर फक्त टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही. पण आतून हात सडू शकतो. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पाईपजवळ फिरवा. तेल आत गेल्याची नुसती शंका आली तरी हळद-चुना लावत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि ‘दाबाचं तेल हातात शिरलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

रस्त्यावर स्टेअरिंग गेलं तर

ॲक्सिलरेटर सोडा. दोन्ही ब्रेकचे पेडल कडीने जोडलेले असतील तर हळूहळू ब्रेक दाबा. एकदम दाबला तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं करते. इंजिन लगेच बंद करू नका, कारण पंपाची थोडीफार मदत मिळत असेल तर तीही जाईल. रस्त्यावर पेडलची ही कडी कायम लावलेलीच हवी. शेतात एक ब्रेक दाबून ट्रॅक्टर वळवायची सवय असते, तेच भरल्या ट्रॉलीसह रस्त्यावर केलं तर पलटी ठरलेली.

एक गोष्ट उलटी असते. मागे जादा ओझं असलं की पुढचा एक्सल उचलतो. तेव्हा स्टेअरिंग हलकं लागतं, पण ट्रॅक्टर वळत नाही. हा स्टेअरिंगचा दोष नव्हे, ओझ्याचा आहे. त्यावर उपाय एकच, ट्रॉलीतला भार कमी करा आणि पुढे कंपनीने सांगितलेलं वजन लावा.

रोज सकाळी ट्रॅक्टर चालू करण्याआधी तेलाची पातळी, पाईप आणि पुढचे टायर बघायला पाच मिनिटं पुरतात. चालक दुसरा असेल तर त्यालाही हे दाखवून ठेवा. आणि ‘मालक, स्टेअरिंग जड लागतंय’ असं तो म्हणाला, तर ही खेप होऊ दे मग बघू, असं सांगू नका. त्या खेपेला ट्रॅक्टरवर तोच बसलेला असतो.