चाळीतलं नेतृत्व

वरळीची बीडीडी चाळ १९२० च्या दशकातली. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर २० बिऱ्हाडं, संडास सामायिक. इथं वाढलेल्या मुलाला लष्करी अधिकारी होताना याचा उपयोग होतो का?

सेवा निवड मंडळ उमेदवाराला पाच दिवस पारखतं. एका कसोटीत गटाला फळी, दोर आणि ओझं देऊन अडथळे ओलांडायला सांगतात. प्रमुख मात्र नेमत नाहीत. कोण दुसऱ्याचं ऐकतो, अडलेल्याला हात देतो, हे पाहतात. चाळीतल्या मुलाला हे नवं नसतं. दहीहंडीत वरच्याचा तोल खालच्याच्या खांद्यावर असतो. गणपतीची वर्गणी हुकमानं नव्हे, समजुतीनं जमते.

अर्थात दाटीवाटीत भांडणंही होतात, आणि अभ्यासाला कोपरा मिळत नाही. नुसती चाळ अधिकारी घडवत नाही. म्हणून तर औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ पासून सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था मुलांची तयारी करून घेते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात स्वतःचा संडास आला, हे चांगलंच झालं. पण शेजाऱ्याच्या हाकेला धावून जाण्याची सवय चाळीत आपोआप लागायची. बंद दारांच्या घरांत ती मुलांना आता मुद्दाम लावावी लागेल.