योनीमार्गातील इस्ट्रोजेन क्रीम: सुरुवातीचा कोणता त्रास थांबतो आणि कोणता डॉक्टरांना सांगायचा?

रजोनिवृत्तीनंतर योनीमार्गात कोरडेपणा, खाज, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे किंवा वारंवार लघवीला जळजळ होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ अनेकदा योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम लिहून देतात. काहींना योनीमार्गात ठेवायची छोटी गोळी दिली जाते. औषध सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांतच काहींना आग होऊ लागते. काहींना स्तन जड वाटतात. मग खोक्यातला माहितीचा कागद उघडला जातो आणि त्यात कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात असे शब्द दिसतात. क्रीम कपाटात जाते आणि मूळ त्रास पुन्हा अंगावर काढला जातो.

सुरुवातीचे बहुतेक दुष्परिणाम सौम्य असतात, त्याच जागेपुरते असतात आणि दोन ते चार आठवड्यांत कमी होतात. मात्र काही लक्षणे अशी आहेत की ती दिसल्यावर वाट पाहू नये. या दोन्हींतला फरक कळावा यासाठी हा लेख आहे.

हे औषध नेमके काय करते?

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. या काळात शरीरातील इस्ट्रोजेन खूप कमी होते. योनीमार्ग, योनीमुख आणि मूत्रमार्ग यांचे अस्तर इस्ट्रोजेनवर अवलंबून असते. ते न मिळाल्याने अस्तर पातळ, कोरडे आणि नाजूक होते.

तरुण वयात या अस्तरातील पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर भरपूर असते. तिच्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त जिवाणू वाढतात आणि योनीमार्ग आम्लधर्मी ठेवतात. त्यामुळे त्याचा पीएच साधारण ४.५ किंवा त्याहून कमी राहतो. रजोनिवृत्तीनंतर तो बहुधा ५ च्या वर जातो आणि लघवीचा जंतुसंसर्ग करणाऱ्या जिवाणूंना वाव मिळतो. म्हणूनच साठीनंतर काही स्त्रियांना वर्षातून तीन-चार वेळा लघवीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक घ्यावे लागते.

अंगातून गरम वाफा येणे हे लक्षण बहुतेकींमध्ये काही वर्षांनी कमी होते. योनीमार्गाचा कोरडेपणा मात्र सहसा आपोआप जात नाही, उलट वाढत जातो. योनीमार्गातून दिलेले इस्ट्रोजेन त्या अस्तराला पुन्हा जाड आणि ओलसर करते. लघवीचा वारंवार होणारा संसर्गही त्याने कमी होतो.

औषध कसे दिले जाते?

इस्ट्रिऑलचे क्रीम, कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेनचे क्रीम आणि इस्ट्राडिऑलची १० मायक्रोग्रॅमची योनीमार्गात ठेवायची गोळी हे यातले नेहमीचे प्रकार आहेत. साधारण पद्धत अशी की पहिले दोन ते तीन आठवडे रोज रात्री औषध लावायचे आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा. क्रीमचे प्रमाण प्रत्येक औषधात वेगळे असते. त्यामुळे मैत्रिणीला किंवा बहिणीला सांगितलेले प्रमाण आपल्यासाठी वापरू नका.

सुरुवातीला कोणते त्रास होऊ शकतात आणि का?

१. आग, चुरचुर किंवा खाज. ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. अस्तर पातळ असते, त्यावर कधी बारीक चिरा पडलेल्या असतात. अशा त्वचेवर कोणतेही क्रीम लागले की झोंबते. काही क्रीममध्ये ते टिकावे म्हणून मिसळलेले घटक असतात, त्यांनीही चुरचुरते. लावल्यानंतर थोडा वेळ होणारी आणि दिवसागणिक कमी होणारी आग ही बहुधा याच प्रकारची असते. अस्तर जाड होऊ लागले की ती थांबते.

२. अंगावरून पांढरे जाणे. सकाळी अंतर्वस्त्रावर दिसणारा पांढरा भाग बऱ्याचदा रात्री लावलेले क्रीमच असते. पुढे नैसर्गिक ओलावा परत येतो, तेव्हा थोडा पातळ, वास नसलेला स्राव दिसू शकतो. तो औषध काम करत असल्याचे लक्षण आहे.

३. स्तन जड वाटणे किंवा दुखणे. पहिल्या काही आठवड्यांत पातळ अस्तरातून थोडे जास्त इस्ट्रोजेन रक्तात जाते. अस्तर जाड झाले की हे शोषण कमी होते आणि औषधही रोजऐवजी आठवड्यातून दोनदा होते. त्यामुळे हा त्रास सहसा पहिल्या महिन्यातच ओसरतो.

४. बुरशीचा संसर्ग. पाळी थांबल्यावर योनीमार्गातला बुरशीचा संसर्ग कमी होतो. इस्ट्रोजेनमुळे पेशींमध्ये ग्लायकोजेन परत येते, तेव्हा तो पुन्हा डोके वर काढू शकतो. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि तीव्र खाज ही त्याची खूण. मधुमेह असेल, विशेषतः त्यासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल, तर ही शक्यता जास्त असते. यावर वेगळा आणि सोपा उपचार आहे, मात्र तपासणी करून घ्यावी.

५. डोके दुखणे, मळमळ, ओटीपोटात हलकी कळ. हे त्रास काहींनाच होतात आणि बहुधा सौम्य असतात. ते टिकून राहिले तर औषधाचे प्रमाण जास्त होत नाही ना, हे डॉक्टर तपासतात.

कागदावरच्या इशाऱ्याचे काय?

हा इशारा कुठून आला हे समजले की भीती बरीच कमी होते. २००२ साली अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात स्त्रियांना रोज तोंडाने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची एकत्रित गोळी दिली होती. त्या गटात स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसले. त्यानंतर इस्ट्रोजेन असलेल्या सर्वच औषधांच्या माहितीपत्रकावर तसाच इशारा आला. त्यात कमी मात्रेची योनीमार्गातील औषधेही आली.

प्रत्यक्षात मात्रेत किती फरक आहे ते पाहा. १० मायक्रोग्रॅमची गोळी पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा घेतली, तर पहिल्या पूर्ण वर्षाचे इस्ट्रोजेन सुमारे १.१४ मिलिग्रॅम भरते. तोंडाने घ्यायच्या इस्ट्राडिऑलच्या एका दिवसाच्या गोळीत १ किंवा २ मिलिग्रॅम असते. शिवाय योनीमार्गातील औषधाचा बराचसा भाग तिथेच काम करतो. फक्त योनीमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्या स्त्रियांच्या नोंदी याच संशोधन प्रकल्पात पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा कर्करोग किंवा हृदयविकाराचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनेही या औषधांवरील चौकटीतला कडक इशारा काढण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले.

याचा अर्थ औषध मनाने कितीही वापरावे असा नाही. क्रीम सांगितल्यापेक्षा जास्त किंवा महिनोन्‌महिने रोज लावले, तर रक्तात जाणारे प्रमाण वाढते आणि गर्भाशयाचे अस्तरही जाड होऊ शकते. ठरलेले प्रमाण पाळणे हीच सुरक्षितता आहे.

त्रास कमी करण्यासाठी काय करता येईल?

• औषध रात्री झोपण्यापूर्वी, आडवे पडून लावा. त्यामुळे ते बाहेर कमी येते. गरज वाटल्यास पातळ पॅड वापरा.

• नळीने लावताना टोचत असेल तर तिच्या टोकाला थोडे क्रीम लावून घ्या. नळी नकोच वाटत असेल तर बोटाने लावता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. योनीमुखाशी आग होत असेल तर तिथेही बोटाने थोडे क्रीम लावायला सांगितले जाते.

• नळी प्रत्येक वेळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन वाळवा. उकळू नका.

• त्या जागी साबण, सुगंधी वॉश, पावडर किंवा जंतुनाशक टाकलेले पाणी वापरू नका. योनीमार्ग आतून धुऊ नका. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. बऱ्याचदा आग क्रीमपेक्षा यांच्यामुळेच जास्त होते.

• क्रीम लावल्यावर लगेच शरीरसंबंध टाळा. काही क्रीममुळे कंडोम कमकुवत होऊ शकतो. संबंधाच्या वेळी पाण्याचा आधार असलेले वंगण वापरा. हार्मोनचे क्रीम वंगण म्हणून वापरू नका.

• आग सहन होत नसेल तर औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना कळवा. काही दिवस एक दिवसाआड लावणे, दुसरे क्रीम घेणे किंवा क्रीमऐवजी गोळी वापरणे असे पर्याय असतात.

फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामासाठी सुमारे तीन महिने. आठवडाभरात फरक पडला नाही म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

• रजोनिवृत्तीनंतर अंगावरून रक्त गेले, मग तो गुलाबी डाग एकदाच दिसलेला का असेना. नळी लागल्याने किंवा नाजूक अस्तरामुळेही रक्त दिसू शकते, पण गर्भाशयाच्या आजाराची शक्यता तपासणीशिवाय सोडता येत नाही. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहिली जाते आणि गरज असेल तर छोटा तुकडा तपासतात.

• स्तनात गाठ, त्वचेत खड्डा किंवा स्तनाग्रातून स्राव.

• एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे, छातीत दुखणे, अचानक धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे. कमी मात्रेच्या क्रीममुळे असे होण्याची शक्यता फारच कमी आहे, पण कारण काहीही असले तरी अशा वेळी थेट रुग्णालयात जा.

• अंगावर पित्त उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे.

• थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, लघवीतून रक्त.

• दुर्गंधी असलेला हिरवट किंवा पिवळा स्राव, फोड किंवा जखम, आणि दिवसागणिक वाढत जाणारी आग.

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना काय सांगावे?

स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, कारण न समजलेला रक्तस्राव झाला असेल, पूर्वी रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, तर आधी सांगा. स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असेल, तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय इस्ट्रोजेन सुरू करू नये. या गोळ्यांचे कामच शरीरातील इस्ट्रोजेन कमी ठेवणे हे आहे. अशा वेळी हार्मोन नसलेले मॉइश्चरायझर आणि वंगण आधी वापरले जाते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाळी परत सुरू होईल का? नाही. रक्त दिसले तर ती पाळी समजू नका, तपासणी करून घ्या.

वजन वाढेल का? इतक्या कमी मात्रेने वजन वाढत नाही.

आमच्यात आता संबंध नाहीत किंवा पती हयात नाहीत, मग याची गरज आहे का? लघवीची जळजळ, सतत घाई, खाज, बसताना किंवा चालताना टोचणे हे त्रास शरीरसंबंधांवर अवलंबून नसतात. त्यांच्यासाठीही हेच औषध दिले जाते. ते मागण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

सोबत प्रोजेस्टेरॉनची गोळी लागते का? कमी मात्रेच्या योनीमार्गातील औषधासोबत सहसा लागत नाही.

कायम वापरावे लागेल का? औषध थांबवले की काही आठवड्यांत ते काही महिन्यांत त्रास परत येऊ शकतो. म्हणून अनेकजणी ते वर्षानुवर्षे आठवड्यातून दोनदा वापरतात. वर्षातून एकदा डॉक्टरांना भेटून पुढचे ठरवा.

घरातील मंडळींसाठी

आई किंवा सासूबाई हा त्रास सहसा स्वतःहून सांगत नाहीत. ‘वय झालं, आता चालायचंच’ असे म्हणून विषय संपतो. संधिवातामुळे बोटे वाकत नसतील तर नळी वापरणे जमत नाही, आणि तेही त्या बोलत नाहीत. औषध आणून देण्याबरोबरच ‘लावायला जमतंय का, झोंबतंय का’ एवढे एकांतात विचारा. पतीनेही पहिले काही आठवडे धीर धरावा. दुखत असताना संबंधाचा आग्रह धरल्यास भीती वाढते आणि स्नायू अधिक आखडतात.

औषध सुरू केल्यावर तारीख आणि होणारा त्रास वहीत थोडक्यात लिहून ठेवा. तो कमी होत चालला असेल तर औषध चालू ठेवा. वाढत असेल तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्त दिसले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या तब्येतीला लागू पडणारा सल्ला तुमचे डॉक्टरच देऊ शकतात.