दगडाची अंघोळ

जुनी दगडी इमारत काळी पडली की कोणीतरी सुचवतोच: अ‍ॅसिड मारा, नाहीतर सँडब्लास्टिंग करून घ्या, दोन दिवसांत चकाचक. दोन दिवसांत चकाचक होते, हे खोटे नाही. फक्त मळाबरोबर दगडही निघून गेलेला असतो.

दगड धुवायचा म्हणजे आधी तो ओळखायचा. दक्षिण मुंबईत तासभर पायी फिरले तरी दगडाच्या चार-पाच जाती भेटतात. १८७० ची डेव्हिड ससून लायब्ररी पिवळसर मालाड दगडाची, १८७८ चा राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा. बारीक नक्षीसाठी अनेक इमारतींत पोरबंदरचा मऊ चुनखडक, इतरत्र आपला काळा बेसॉल्ट. फ्लोरा फाउंटनचा दगड तर थेट इंग्लंडातल्या पोर्टलंडचा. हाही चुनखडकच, आणि चुनखडकावर अ‍ॅसिड पडले की तो फसफसून विरघळतो. बेसॉल्ट अ‍ॅसिडला दाद देत नाही, पण दोन बेसॉल्टांमधल्या चुन्याच्या दरजा देतात.

मग काळेपणा ओळखायचा, कारण तोही एकाच प्रकारचा नसतो. पाणी ओघळते तिथे शेवाळ धरते आणि पावसाळा सरला की वाळून काळे पडते. ते ओले करून मऊ ब्रशने बरेचसे निघते. चुनखडकावरचे दुसरे काळे मात्र नेमके पाऊस न पोचणाऱ्या जागी साचते: कंगोऱ्याखाली, पुतळ्याच्या हनुवटीखाली, पानाफुलांच्या खाचांत. धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्याबरोबर चुनखडकाशी संयोग पावून त्याचे जिप्सम करतो आणि त्या जिप्सममध्ये काजळी अडकते. म्हणजे हा मळ दगडावर बसलेला नाही. दगडाच्याच कातडीचा तो झालेला आहे.

तरीही त्यावरचा उतारा साधा आहे. लिटरभर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम जिप्सम विरघळते. चुनखडकातले कॅल्साइट त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही नाही. म्हणून धुक्यासारखा बारीक फवारा तासन्‌तास धरून ठेवला तर काळी खपली भिजून मऊ होते आणि दगड जवळजवळ तसाच राहतो. जोर लावायचा नाही, वेळ द्यायचा. पण त्याआधी दरजा तपासून भरून घ्याव्या लागतात, नाहीतर पाणी भिंतीच्या पोटात शिरते आणि सुकताना आतले क्षार वर आणते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. दरजा चुन्यानेच भरायच्या. सिमेंट दगडापेक्षा कडक, ओल कोंडून धरणारे. मग दरज शाबूत राहते आणि कडेचा दगड पापुद्रे सोडतो. तारेचा ब्रशही नको. त्याचे लोखंडी कण दगडात रुततात, गंजतात आणि तपकिरी डाग पाडतात.

पाण्याने भागत नाही तिथे लेप. ताजमहालाच्या संगमरवरावर १९९४ पासून मुलतानी मातीचा लेप अनेकदा दिला गेला आहे. जाडी सुमारे दोन मिलिमीटर. माती सुकताना मळ ओढून घेते, नंतर ती शुद्ध पाण्याने धुतात. चेहऱ्याला लावायची माती ताजमहालालाही चालते, याची मला अजून गंमत वाटते.

त्याहून नवल लेझरचे. १९७२ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅस्मस व्हेनिसमधल्या शिल्पांचे होलोग्राम घ्यायला गेले होते. लेझरने काळी खपली उडते आणि खालचा पांढरा दगड तसाच राहतो, हे तिथे त्यांच्या ध्यानात आले. काळा थर प्रकाश शोषतो, तापतो, उडतो. उजळ दगड तो बराचसा परतवतो, त्यामुळे मळ संपला की काम आपोआप थांबते. अर्थात हे महाग आणि मंद काम. अख्ख्या भिंतीपेक्षा शिल्पालाच शोभते.

सँडब्लास्टिंगला असे थांबणे ठाऊक नाही. विटेची भाजलेली कडक कातडी त्याने गेली की आतली मऊ वीट पाणी पिऊ लागते. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने वास्तुजतनावर पुस्तिकांची मालिका काढली. तिची पहिलीच पुस्तिका (१९७५) दगड-विटांच्या सफाईवर होती, तरी १९७९ मध्ये फक्त अशा घासून काढण्याच्या धोक्यांवर वेगळी पुस्तिका काढावी लागली.

आपल्याकडे हा धोका देवळांना जास्त आहे. आधी भक्तीने ऑइलपेंट फासायचा, मग पुढच्या पिढीने तो वाळूच्या माऱ्याने उडवायचा. रंगाबरोबर पाथरवटाच्या टाकीच्या खुणा जातात, मूर्तीचे नाकडोळे बोथट होतात. फ्लोरा फाउंटनवरही ऑइलपेंटचे थर चढले होते. २०१९ मध्ये ते पुन्हा खुले झाले तेव्हा मूळ दगड दिसू लागला.

तुमच्या गावच्या देवळाच्या सफाईचा ठराव झाला, तर देऊळ संरक्षित आहे का हे आधी पाहा. असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. नसेल तर ठेकेदाराला मागच्या बाजूला, हातभर जागेवर करून दाखवायला सांगा. ती जागा पुसून पूर्ण सुकू द्या आणि मग बोट फिरवा. बोटाला दगडाची भुकटी लागली तर त्याला चहा पाजून परत पाठवा.